हिम्मतरावांची जावा

"रविवारी टेम्पो घेऊन येतो मी," चिन्मय म्हणाला. "दोन माणसं आणतो बरोबर. उचलून टाकू वर."

चहाचे कप घेऊन आलेल्या पद्मावतीबाई उंबऱ्यातच थांबल्या. अंगणात पेरूखाली तो मुलगा त्यांच्या जावा मोटरसायकलीपाशी उकिडवा बसला होता. पुण्याहून हैदराबादला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेला, कुकटपल्लीतच मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. जुन्या गाड्यांचं वेड, म्हणून ही घ्यायला आलेला. ही गाडी चालू होत होती, पण गिअर टाकून क्लच सोडला की नुसतं इंजिन ओरडायचं, चाक जागचं हलायचं नाही. आतल्या क्लच प्लेटा पार झिजल्या होत्या.

"चालेल ना काका?"

खुर्चीतल्या हिम्मतरावांनी मान डोलावली.

"नक्को," पद्मावतीबाई म्हणाल्या. "टेम्पो नक्को आणू बाबा. तू रविवारी ये. गाडी आपली आपण चालत जाईल."

हिम्मतरावांनी बायकोकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

हिम्मतराव पंपांच्या कारखान्यात फिटर होते. बाहेरून नवे, हलके, स्वस्त पंप यायला लागले तसा कारखाना आधी एका पाळीवर आला, मग सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले गेले. स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलं नाही. त्यानंतरही हिम्मतराव रोज सकाळी डबा घेऊन जावावर निघायचे, बंद फाटकासमोरच्या इराण्याकडे बसायचे आणि दुपारी परत यायचे. पद्मावतीबाई सगळं ठाऊक असूनही डबा भरून द्यायच्या. एक दिवस वाटेत क्लचनं दगा दिला. भर उन्हात त्यांनी गाडी ढकलत घरी आणली, आणि त्याच आठवड्यात उजवी बाजू गेली. हात लुळा पडला, पाय ओढावा लागे. शब्द तोंडातच अडकायचे. लोकांना ते कळत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं. हत्यारांची पेटी जुन्या सोबत्याला देऊन टाकली. आता गाडीही.

चिन्मय गेल्यावर पद्मावतीबाई कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेल्या.

"अम्मा, इसका माल कां मिलता अब?" तो म्हणाला. "हम तो खाली नये गाड्यां करते."

मग त्या गुरुवारी बस बदलत जुन्या सामानाच्या जुम्मेरात बाजारात गेल्या. जमिनीवर पसरलेल्या लोखंडात दुपारपर्यंत फिरल्या. आयुष्यभर नवऱ्याच्या हातात पाने दिले होते त्यांनी, त्यामुळे वस्तू ओळखीच्या होत्या. एका म्हाताऱ्याकडे कॉर्क लावलेल्या, फारशा न वापरलेल्या प्लेटा मिळाल्या. एक पाना, कानस आणि स्क्रूड्रायव्हरही घेतला. घरी येऊन त्यांनी प्लेटा इंजिन ऑइलमध्ये भिजत घातल्या.

"ऐकलं का? प्लेटा भेटल्या."

हिम्मतराव भिंतीकडेच बघत होते.

"नुसतं कसं खोलायचं ते सांगा. करते मी."



शनिवारी सकाळी पद्मावतीबाईंनी पदर खोचला, गाडीखाली जुनी परात सरकवली आणि तेल काढलं. किक काढली. डाव्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू मात्र गंजून बसले होते. त्यांनी जोर लावला, हात सटकला, बोटाचं साल निघालं. थोडा वेळ बोट तोंडात धरून त्या उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरातून बत्ता आणला. स्क्रूवर ड्रायव्हर ठेवून ठोकला. सुटेना. झाकणाच्या फटीत ड्रायव्हर घालून त्यांनी बत्ता उगारला.

"फु... फुटेल!"

त्यांनी वळून पाहिलं. हिम्मतराव खुर्चीचा हात धरून अर्धवट उठले होते. चेहरा लाल झाला होता.

"अक्क... अक्कल नाही? हळू!"

कित्येक महिन्यांनी घरात त्यांचा आवाज झाला होता. पद्मावतीबाईंना रडू आलं, पण त्या चढ्या आवाजातच म्हणाल्या, "नाही मला अक्कल. तुम्हाला हाय ना? मग या की इकडं!"

ते आले. पाय ओढत, भिंतीला धरून. पद्मावतीबाईंनी खुर्ची गाडीशेजारी आणून ठेवली.

"गर... गरम," ते म्हणाले.

पद्मावतीबाईंनी इस्त्री आणली. ती नको होती. चिमट्यात धरून बंबातला निखारा आणला. तोही नको. शेवटी हिम्मतरावांनी डाव्या हातानं हवेत किटली ओतून दाखवली. उकळतं पाणी ओतल्यावर मात्र पहिला स्क्रू करकरत फिरला.

झाकण निघालं. आत गोल डब्यासारखा क्लच, त्यात गच्च दाबलेल्या स्प्रिंगा. त्या सोडवायचं खास हत्यार पेटीबरोबर गेलं होतं. हिम्मतराव डोळे मिटून बसले. मग नळाकडे बोट दाखवून "तु... तुकडा" म्हणाले. गच्चीवरच्या पाइपाचा उरलेला तुकडा निघाला. त्याला खाच पाडायची होती. पद्मावतीबाई कानस घासत राहिल्या आणि डाव्या हातानं हिम्मतरावांनी तुकडा धरून ठेवला. दोघांची डोकी जवळ आली होती.

पाइपानं स्प्रिंग दाबायची, खाचेतून खीळ चिमट्यानं ओढायची. पहिली निघाली. दुसरी उडून तुळशीच्या कुंडीत गेली.

"शोध," ते म्हणाले. स्पष्ट.

जुन्या प्लेटा हातात आल्या तेव्हा त्यांच्यावरचा कॉर्क नखाएवढाही उरला नव्हता. हिम्मतरावांनी एक प्लेट मांडीवर घेतली, अंगठ्यानं गोल पुसली.

"कार... कारखान्यात..." ते म्हणाले. पुढचा शब्द आला नाही. पद्मावतीबाईंनी तो त्यांच्यासाठी पुरा केला नाही. त्या काळ्या हातांनी जुन्या प्लेटा एकावर एक रचत राहिल्या. बऱ्याच वेळानं हिम्मतराव म्हणाले, "...मला विचारलं नाही. कुणी."

"हौ," त्या म्हणाल्या. "नाही विचारलं."

मग पद्मावतीबाईंनी कॉर्कच्या नव्या आणि मधल्या लोखंडी प्लेटा एकाआड एक बसवल्या. दोनदा क्रम चुकला, दोनदा हिम्मतरावांनी नाही म्हणून मान हलवली. संध्याकाळ होईपर्यंत झाकण बसलं, किक लागली, तेलही भरून झालं.

गाडी स्टँडवरच होती. पद्मावतीबाईंनी कितीतरी किका मारल्या, दम लागला, मग एकदाची ती धडधडली. गिअर पडला. क्लच सोडताच मागचं चाक फिरायला लागलं.

"ब्रेक," हिम्मतराव म्हणाले.

त्यांनी मागचा ब्रेक दाबला. इंजिन पूर्वीसारखं मोकाट ओरडलं नाही. ओझं अंगावर घेतल्यासारखं जड झालं आणि गुरगुरून बंद पडलं. प्लेटांनी धरलं होतं. हिम्मतरावांनी मान डोलावली आणि पद्मावतीबाईंचा काळा पंजा हातात घेऊन आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले.

"अवो, धुतलेलं धोतर ते!"

ते पुसतच राहिले.

रविवारी चिन्मय रिक्षातून आला. अंगणातच एक फेरी मारून पाहिली आणि चकित होऊन म्हणाला, "कोणत्या मेकॅनिकनं केलं?"

"घरीच केलं," पद्मावतीबाई म्हणाल्या.

त्यानं विचारलं, "काका, मागे बसता? धरून बसवतो मी. मेन रोडपर्यंत जाऊन येऊ."

हिम्मतराव गाडीकडे बघत राहिले. पद्मावतीबाईंना वाटलं, हो म्हणतील. पण त्यांनी मान हलवली.

"नक्को. तू... सांभाळून."

ते फाटकापर्यंत मात्र गेले, आपल्या पायांनी. गाडी गल्लीतून निघाली. वळणावर दिसेनाशी झाली, तरी आवाज येत होता. पद्मावतीबाई आत वळणार इतक्यात त्यांचं लक्ष खाली गेलं. दूरवर इंजिनाचा सूर बदलला की हिम्मतरावांचा डावा पाय मातीत हलकेच हलत होता, दुसरा गिअर, तिसरा गिअर. त्या तिथंच त्यांच्याशेजारी थांबल्या. मेन रोडच्या गलक्यात आवाज मिसळून गेला, तेव्हा पाय थांबला.