गाणं येणारी

स्टेपलरची पिन गंजून कागदाला चिकटलेली, तिच्या खालीच त्याचा फोटो — चोपून तेल, वय सव्वीस — आणि बारीक अक्षरात : जीवन, दर्यापूर. अपेक्षा : उंच, मनमोकळी, गाणं येणारी. अमरावतीच्या वधू-वर परिचय मेळाव्याची ही पुस्तिका अकोल्याच्या घरात कपाटावर अकरा वर्षं पडून होती आणि त्याच्या बायकोला, हर्षाला, ती आज रविवारी झाडताना सापडावी!

गाणं येणारी. म्हणजे कोण? हर्षाची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, चार माणसांत बोलायचं तर घशाला कोरड, आणि गाणं — आरतीसुद्धा ती ओठांतल्या ओठांत म्हणते. म्हणजे ती दुसरीच कोणी... खरोखरची नव्हतीच, तरी ह्याच्या मनात होती. अकरा वर्षं ह्या घरात वावरली असेल मेली, मी पोळ्या लाटत असताना ह्याच्या कानाशी गुणगुणत असेल.

"तुमाले गाणं येणारी पाह्यजे होती?" बाहेरच्या खोलीत जाऊन तिने विचारलंच.

जीवनने पेपर खाली घेतला, पुस्तिका पाहिली. "हट्! काहाचं काय काढून राहिली वं!" हसला तो, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सदतीस वर्षांचा बाप्या लाजला! माझ्यासाठी कधी लाजलात असे?

आत येऊन तिने स्वतःचं पान शोधलं. हर्षा, मोर्शी. अपेक्षा : अनुरूप. शब्द बाबांचा. संत्र्याच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलता बोलता त्यांनी फॉर्म भरला, ती शेजारीच बसलेली. त्यांनी विचारलं नाही... आणि विचारलं असतं तर? काय सांगितलं असतं मी?

काहीच नाही.

त्या बाईचा राग कुठल्या कुठे गेला. आता ती जळत होती ती ह्याच्यावरच — ह्याला सव्विसाव्या वर्षी आपल्याला काय हवं ते ठाऊक होतं, आणि मिळालं नाही तरी ते हवंसं वाटणंच ह्याला आजवर पुरलं.

"चहा मांडतं का वं?" बाहेरून आवाज.

"थांबा. इचार करून राहिली."

"काहाचा?"

तिने पुस्तिका मिटली. मला कसा हवा होता? उंच?... नको, उंच तर हाही आहे. डोळे मिटून ती माणूस जुळवायला बसली; जमला तर कोण ते ह्याला सांगायचं नाही, नुसतं लाजायचं; जळू दे ह्यालाही एकदा. बराच वेळ समोर कोणीच आलं नाही, तरी ती उठली नाही.