धुतलेली चिलखती गाडी

“अहो, आधी चपला काढा आणि ओरडू नका,” बायकोनं दारातच सांगितलं. म्हणजे ओरडण्यासारखं काहीतरी नक्कीच घडलं होतं.

कवळीवाले तसेच आत शिरले. दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवण्यात जन्म गेला, म्हणून सगळी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणायची. खिडकीजवळच्या टेबलावर टॉवेल पसरला होता आणि त्यावर त्यांनी छंद म्हणून घडवलेली छोटी चिलखती गाडी उभी होती. वीतभर लांबीची, सहा चाकांची आणि लख्ख! हिवाळाभर खपून चढवलेला चिखल, गंज, धूर, सगळं साफ झालं होतं.

“कोणी केलं हे?”

“दादानं. मी बाजारात गेले होते हो.”

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ. ऐन उमेदीत ते सैन्यात अशीच गाडी चालवायचे. आता गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे मुक्कामाला होते. तोंडानं फटकळ, गप्पांत सगळ्यांना हसवून लोळवणारे. मेहुण्याच्या छंदाची मात्र त्यांनी लग्नापासून टर उडवली होती. “काय जावईबापू, भातुकली आवरली का?” हे ठरलेलंच.

म्हणून या खेपेला कवळीवाल्यांनी दादांचीच गाडी करायला घेतली, त्यांच्या जुन्या फोटोवरून. दातांना छटा द्यायच्या बारीक ब्रशनं रंगवायची आणि रंग वाळला की मुद्दाम खराब करायची. कडांचे टवके उडवायचे, चाकांना चिखल माखायचा, दारांच्या बिजागऱ्यांखाली गंजाचे ओघळ काढायचे.

“एवढी देखणी केलीत, आता तिचं वाटोळं का करताय?” बायको विचारायची.

“वापरलेली दिसली पाहिजे,” ते सांगायचे. दादांच्या तोंडून एकदा तरी ‘वा’ निघावं, एवढीच त्यांची हाव होती. आज कामाला जाताना गाडी दादांच्या नजरेस पडेल अशी मांडून ठेवली होती. रंग पक्का करणारा वार्निशचा हात तेवढा राहिला होता, आणि तीच चूक भोवली.

दादा अजून न्हाणीघरातच होते. स्टुलावर बसलेले, पुढ्यात बादली, हातात दात घासायचा ब्रश.

“दादा, काय केलंत हे! माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत!”

दादा हसले नाहीत. ब्रश त्यांनी बादलीच्या काठावर ठेवला.

“उजव्या दाराखाली तो तांबडा ओघळ काढला होतात,” ते म्हणाले. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी कशाला सांगेल? गंज आहे तो. सगळ्याच गाड्यांना काढतो मी.”

“गंज,” दादा म्हणाले. “त्या बाजूला माझा जोडीदार बसायचा. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. दार किलकिलं करून नुसतं डोकं बाहेर काढलं त्यानं. बस्स, एक गोळी. मी अंधार पडेपर्यंत धूत होतो, निघतच नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, राहू दे, वरून रंग मार. मारला. पुढं तीच गाडी चालवत राहिलो. रंगाखाली काय आहे ते मला रोज दिसायचं.”

बायको दाराला धरून उभी होती. “दादा, तू तर सांगायचास, तुमच्या गाडीला साधा ओरखडासुद्धा आला नाही.”

“नव्हताच आला. गाडीला.”

तो ओघळ जमला म्हणून परवा आपण शीळ घातली होती, हे आठवून कवळीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पोरखेळ नाही हा, जावईबापू,” दादा हळूच म्हणाले. “हुबेहूब केलीत.”

उभ्या संसारात ज्या शब्दांची वाट पाहिली ते आले, आणि कवळीवाल्यांना ते ऐकवेनात.

काहीतरी करायचं म्हणून ते बादली उचलायला वाकले. पाणी तांबूस झालं होतं. तो रंग त्यांनी स्वतःच कालवला होता, तपकिरीत नारिंगीचा थेंब टाकून, दुसरं काही नाही. तरी ते पाणी मोरीत ओतायला त्यांचा हात उचलेना.

“ठेवा, मी बघतो,” दादा म्हणाले. भिंतीला धरून ते उठले, गुडघ्याची कळ दाबत बादली दोन्ही हातांनी उचलली आणि जराही न सांडता सावकाश ओतली. मग नळ सोडला आणि मोरी स्वच्छ होईपर्यंत तिथंच ताठ उभे राहिले.