लाल बाणापुढचा ठिपका

मित्रांनो, वयाने मी तुमच्या पृथ्वीच्या बरोबरीचा, पण मान मात्र मला आत्ता आत्ता मिळाला. मी मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा लघुग्रह आहे, बदलापूरजवळच्या चंदेरीच्या डोंगराएवढा. आम्हा दगडांचा मिळून एक ग्रह व्हायचा होता, पण गुरूच्या ओढीने तो होऊ दिला नाही. म्हणून मी रडत बसलो नाही. साडेचार अब्ज वर्षांत एकही फेरी चुकवली नाही. दुःख एवढेच, की ते कोणी पाहिले नाही.

मग एका दुर्बिणीने थोड्या थोड्या वेळाने माझे चार फोटो काढले. विद्यार्थ्यांकडून नवे लघुग्रह शोधून घेणाऱ्या एका मोहिमेतून ते तपासायला अंबरनाथच्या कॉलेजात शिकणाऱ्या हर्षदाकडे आले. अशा फोटोंत तारे जागच्या जागी राहतात, आमच्यासारखा तेवढा सरकतो. हर्षदाने आठवडाभर डोळ्यांत तेल घालून पाहिले, तरी मला दोनदा ओलांडून गेली. शेवटच्या दिवशी सहाला मुदत संपणार होती. त्यानंतर मी पुन्हा बेवारस!

चारच्या सुमारास तिची आई संजीवनी कामावरून आली. उल्हासनगरच्या कॅम्प चार या भागात ती जीन्सच्या कारखान्यात चेकर आहे. डाग दिसला की तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायचा, हे तिचे काम. दोन-चार स्टिकर ओढणीला चिकटून घरीही येतात. हर्षदाच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पांढरा ठिपका दिसताच सवयीने तिने बाण लावला.

ही जीन्स नाही, म्हणून हर्षदा चिडली आणि तिने पुढचा फोटो उघडला. ठिपका बाणाच्या टोकापुढे गेला होता. तिसऱ्यात आणखी पुढे, चौथ्यात त्याहून पुढे. कॅमेऱ्यातला डाग असेल, असे हर्षदा पुटपुटली.

"डाग नाय तो," संजीवनी म्हणाली. "पंधरा वर्षं पीस चेक करते मी. डाग जागा सोडत नाय."

माझ्या बाजूने कोणी बोललेले हे पहिले वाक्य. मला ते पाठ आहे.

सहाला दहा मिनिटे असताना अहवाल गेला. काही महिन्यांनी माझी नोंद झाली. हर्षदाने अहवालात आईचे नाव आपल्या नावाआधी लिहिले होते, पुढे 'चेकर'. पट्ट्यात लाखो दगड आहेत, पण चेकरने पास केलेला मी एकटाच!

मित्रांनो, मला जपायला नको, मी टिकाऊ आहे. तुमच्या घरातले थकलेले डोळे तेवढे जपा. संजीवनीचे डोळे आता चुरचुरतात, हर्षदा रोज त्यांत औषध घालते. पडद्यावरचा बाण मात्र ती कोणालाच काढू देत नाही.