पांढरी तीनची भैरवी

वर्षाराणीला हल्ली एक खोडच जडली होती. पोरगी पाठमोरी बसली की पाय न वाजवता मागं जाऊन उभं राहायचं आणि हाक मारायची.

"ईशू..."

पोरगी आपली डब्याचं झाकण भिंगरीसारखं फिरवण्यात दंग.

"ईश्वरी! ए बाळा!"

काही नाही. मग चमचा ताटलीवर आपटायचा. त्याला मात्र ईश्वरी दचकून वळायची. पण तेवढ्यावर आईचं समाधान कसं व्हावं? चमच्याला तर मांजरसुद्धा दचकतं.

ईश्वरी तीन वर्षांची होत आली होती आणि तिच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कान तपासले, ते चांगले निघाले. "ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले, "आता ऐकलेल्याचा अर्थ तिला किती लागतो, ते बघायचं. एखादा आवाज आला की पुढं काय होणार, हे ती ओळखते का? घरी लक्ष ठेवा, पुढच्या खेपेला मला सांगा." वर्षाराणी बी.एस्सी. झालेली. लक्ष ठेवा म्हटल्यावर तिनं इतकं लक्ष ठेवलं की तिची तहानभूक गेली. सांगण्याजोगं मात्र काही हाती लागेना.

"पोरीकडं असं टक लावून बघू नको गं," सासूबाई, म्हणजे आसराबाई, कावल्या. "रोप उगवलं का म्हून कुणी रोज माती उकरतं का? चल माझ्यासंगं भजनाला."

मस्तगड भागातल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचं भजन असे. पेटीवर सत्यशीलाबाई, जन्मभर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. भजनाचा क्रम ठरलेला होता. आधी गजर, मग अभंग, गवळण आणि सगळ्यात शेवटी भैरवी. भैरवी झाली की त्यावर दुसरं काही गायचं नाही. टाळ पिशवीत जायचे आणि फुटाणे-खडीसाखरेचा डबा उघडायचा. ईश्वरीही डाव्या हातावर उजवा ठेवून ओंजळ पुढं करायची. वर्षाराणीला त्याचं अप्रूप नव्हतं. सगळ्या उठतात म्हणून ही उठते, डबा दिसतो म्हणून हात करते, एवढंच.

त्या गुरुवारी सत्यशीलाबाईंनी पेटी शेजारच्या बेबीनंदाकाकूंपुढं सरकवली. काकू महिनाभरापासून शिकत होत्या आणि त्यांची मजल अजून पांढऱ्या पट्ट्यांपर्यंतच होती. काळ्या पट्टीला हात लावायची त्यांना धास्ती वाटे.

"गजर आज तुम्ही वाजवा काकू. पांढरी एक, म्हंजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, जसं शिकवलं तसं."

"एवढ्या खाली माझा आवाज लागत न्हाई," आसराबाई म्हणाल्या. "गायचं मला हाये. जरा वर घ्या."

काकूंनी वर घेतलं. मोबाइलमधला तंबोरा पांढरी तीनला लावला आणि तिथूनच, पांढऱ्या पट्ट्या न सोडता, बोटं चालवायला सुरुवात केली. गाणं दोन पट्ट्या वर उचललं की मध्ये काळ्या पट्ट्याही घ्याव्या लागतात, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि वर्षाराणीच्या मांडीवरून ईश्वरी उठली. तुरुतुरु चालत थेट दत्तापुढं गेली, झाकलेल्या डब्याजवळ थांबली आणि तिनं डाव्या हातावर उजवा ठेवला.

"ईशू, आत्ता नाही गं..." वर्षाराणी ओशाळून उठायला लागली. तिकडं आसराबाईंनी गजरासाठी तोंड उघडलं ते तसंच राहिलं, सूरच सापडेना. सत्यशीलाबाईंना मात्र हसू आवरेना.

"आवं काकू, भैरवी वाजवून राह्यल्या तुम्ही! गजर झाला न्हाई अन् सगळ्यांला घरी धाडता का?"

"मला कुठं येते भैरवी?" काकू रागावल्या. "तुम्ही शिकवल्या त्याच पट्ट्या हायेत ह्या!"

"पट्ट्या त्याच, पण सा बदलला ना. सा म्हंजे घर. तुम्ही माहेरी लेक अन् सासरी सून. बाई तीच, पण घर बदललं की उठणं-बसणं बदलतं का न्हाई? पांढरी एकला घर केलं की ह्याच पट्ट्यांचा बिलावल राग होतो. पांढरी तीनला केलं की भैरवी."

बायका हसल्या. वर्षाराणी हसली नाही. ती भैरवी आहे हे तिला स्वतःला कळलं नव्हतं. कुणी उठलं नव्हतं, डबा उघडला नव्हता, भैरवीचा एक शब्द कुणी गायला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "हिनं ओळखलं."

"भूक लागली असंल लेकराला," कुणीतरी म्हणालं.

तीच भीती वर्षाराणीलाही होती. तिनं डबा पिशवीत लपवला, ईश्वरीला दाराकडं तोंड करून बसवलं आणि सत्यशीलाबाईंना म्हणाली, "पुन्हा वाजवाल? घर बदलून बदलून?"

बाईंनी पेटी ओढून घेतली. आधी पांढरी एक. सूर लख्ख, अंगणात ऊन पडल्यासारखे. ईश्वरी पायाचा अंगठा धरून डुलत राहिली. मग तंबोरा पांढरी दोनला गेला आणि त्याच पट्ट्यांमधून काफी राग निघाला, गवळणीला शोभेल असा लाडिक. ईश्वरी पैंजणाशी खेळत होती. आता पांढरी तीन. आपल्या चेहऱ्यावरून पोरीला काही समजायला नको म्हणून वर्षाराणीनं डोळे मिटून घेतले. सा वाजला, त्याला अगदी खेटून रे आला. पाहुण्यानं निघता निघता उंबऱ्यात घुटमळावं तसा.

तिनं डोळे उघडले. ईश्वरी उभी होती. ओंजळ धरलेली, नजर डबा शोधत होती.

वर्षाराणीनं पदर तोंडाला लावला. इतके दिवस ती पोरीच्या कानाशी शब्द घेऊन उभी होती, आणि पोरगी आत कधीच पोचली होती, सुरांच्या दारानं.

"उघडा तो डबा!" आसराबाई गरजल्या.

"आवं, भैरवीच्या आधी प्रसाद?" एकीनं विचारलं.

"झाली की भैरवी. आत्ताच दोनदा झाली!"

घरी निघताना वर्षाराणी बेबीनंदाकाकूंच्या पाया पडली. काकू गडबडल्या. "माझ्या कशाला पडतीस बाई? मी तर चुकले."

"चुकलात म्हणून तर, काकू. डॉक्टरांना काय सांगायचं ते तुम्ही दिलंत. काळ्या पट्ट्या सावकाश शिका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी ओट्याशी पाठमोरी बसून झाकण फिरवत होती. वर्षाराणी मागं येऊन उभी राहिली. हाक मारली नाही, चमचाही घेतला नाही. भैरवीची सुरावट तिनं नुसती गुणगुणली, थोडी चुकत, थोडी घाबरत.

झाकण थांबलं. ईश्वरी वळली, तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि ओंजळ पुढं केली.

वर्षाराणीनं मूठ उघडली. खडीसाखर तिनं आधीच घेऊन ठेवली होती.