ट्रेबलवरचं कुंकू

खंडेनवमीला वासुदेवरावांनी आर्वीच्या आपल्या किराणा दुकानातला वजनकाटा पुजला, कात्री पुजली, पोती शिवायचा सुवासुद्धा सोडला नाही.

"अन् आपल्या भूपेंद्रची गिटारची पेटी?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"कमाईच्या हत्याराची पूजा असते. पोराच्या खेळण्याची नाई!"

कौशल्याबाईंच्या जिव्हारी लागलं. पोरगा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून पोट भरत होता, तरी बापाच्या लेखी रिकामटेकडाच. नवऱ्याची पाठ फिरताच त्यांनी त्या पेटीला, म्हणजे गिटारच्या अॅम्प्लिफायरला, हार घातला आणि कुंकू पाण्यात कालवून एकेका बटनाला टिळा लावला. देवाधर्मात बाईंचा हात भलताच सढळ!

दुपारी भूपेंद्र सराव करायला बसला, तर सूर गोधडीतून आल्यासारखा. कुंकवाचं पाणी ट्रेबलच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, बटनात उतरून वाळलं होतं आणि बटन शून्यावरच घट्ट बसलं होतं. संध्याकाळी देवीच्या मांडवात तो पहिल्यांदा एकटा वाजवणार होता. मंडळाचे अध्यक्ष म्हणून वासुदेवरावांना समोर बसणं भाग होतं. करायला गेल्या गणपती आणि झालं माकड.

"मीच नास केला रे," कौशल्याबाईंना रडू फुटलं.

भूपेंद्र रागावला नाही. त्यानं जाड आवाजाचा बेस उतरवला, मधलं मिडल उतरवलं, मग व्हॉल्यूम चढवला. सूर बराच मोकळा झाला.

"बारीक आवाज कसा वाढला रे?"

"वाढला नाई, आई. हे बटनं काई देत नाईत, फक्त अडवतात. जाड आवाज मी अडवला, म्हणून त्याच्याखाली दबलेला बारीक ऐकू येऊन राह्यला."

कौशल्याबाईंना एकदम आपलं घर दिसलं. तिथला जाड आवाज कोणाचा, हे सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी भूपेंद्र वाजवत होता तेवढा वेळ वासुदेवराव पहिल्या रांगेत तोंडातून शब्द न काढता बसले. असं घरात कधी झालं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर ते उठून थेट पेटीपाशी गेले. भूपेंद्र ओल्या फडक्यानं बटनं पुसत होता. कौशल्याबाई लगबगीनं पुढे आल्या.

वासुदेवरावांनी लाल बटनांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"राहू दे," ते हळूच पोराला म्हणाले. "काट्यावरचं कुंकू आपण पुसतो का कधी?"