वारा पडल्यावर

माझी बायको सगुणा वादळात गेली त्याला दोन वर्षं झाली होती. त्या जूनमध्ये एझ्रा मास्तर रोह्याहून बदलून आमच्या हमरापूरच्या शाळेत आले. सातवीला त्यांनी वादळ शिकवायला घेतलं आणि मुलांना घरी एक प्रश्न विचारून यायला सांगितलं. मागच्या वादळात तुमच्या घरातलं बाहेर कोण गेलं, आणि कधी?

माझी दिशा त्याच वर्गात. तिने घरी येऊन तो प्रश्न मला विचारला. परक्या माणसाला हे कशाला हवं? गावाला मी सांगितलं होतं, सगुणा हट्टी, ऐकलं नाही, गेली बाहेर. दिशालाही तेच. खरं काय ते एकट्या विठूने ऐकलं होतं, तो तेव्हा आमच्या कारखान्यात मूर्ती रंगवायचा. त्यानेच मास्तरांचे कान भरले असणार.

मी त्याला जाऊन विचारलं. हातातला ब्रश न थांबवता तो म्हणाला, "मास्तरला माझं नावपण ठाऊक नाय. तुलाच कायतरी सांगायचं हाय वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मास्तरांनी फळ्यावर चकलीसारखं वादळ काढलं होतं, मध्ये भोक ठेवून. ते भोक डोक्यावर आलं की वारा पडतो, कधी ऊनसुद्धा येतं, असं ते सांगत होते. "पण वादळ संपलेलं नसतं. थोड्या वेळात वारा उलट बाजूने येतो. तोवर घरातच थांबायचं."

सगुणा गेली त्या दिवशी असंच ऊन आलं होतं. शाडूच्या मूर्ती तीन दिवस ओल्याच होत्या. सगुणा नको म्हणत होती. मी म्हणालो, ऊन गेलं की मग काय करशील, मूर्तींचे पाट बाहेर काढ. ती दुसरा पाट ठेवत होती तेव्हा पश्चिमेकडून वारा आला आणि पडवीची भिंत तिच्या अंगावर पडली.

मास्तरांनी मला पाहिलं. "या ना आत. मूर्तीवाल्यांना उन्हावाऱ्याचं आमच्याहून जास्त कळतं."

टोमणा आहे का, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तसं काही दिसलं नाही.

तेवढ्यात दिशाची पाळी आली. ती उभी राहिली. "आमची आई गेली होती, गुरुजी. वारा पडल्यावर. ती कुणाचं ऐकायची नाही."

"नाय गो," मी खिडकीतूनच म्हणालो. "ऐकलं म्हणून गेली. मीच पाठवली तिला."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. दिशा माझ्याकडे बघत उभीच राहिली. मी तिथून हललो नाही.