राखून ठेवलेला गारवा

मी एक जुना एसी आहे. भिंतीवरचा नव्हे, मोटारीतला. कोथरूडच्या एका सोसायटीतल्या करड्या गाडीत मी बारा वर्षं आहे. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी चाललो किती, असं विचाराल तर सगळं मिळून दोन दिवसही भरणार नाहीत.

कारखान्यात मला बसवलं तेव्हा तपासनिसाने माझ्यापुढे हात धरला आणि म्हणाला, "एकदम थंडगार!" माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

गाडी घेतली दिगंबर सरांनी. ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. माणूस सज्जन, पण वस्तू जपायची म्हणजे वापरायची नाही, असा त्यांचा खाक्या. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचे, माझ्या जाळ्या ओल्या फडक्याने पुसायचे आणि निघताना काचा खाली करायचे. "एसी गरजेला असू दे," म्हणायचे. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई पदराने वारा घेत बसायच्या. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, मग वाटेनासं झालं. एसी चालवला नाही की आतलं तेल फिरत नाही, रबरी सील सुकतात आणि गॅस हळूहळू निसटतो. माझा कधी संपला, कुणाला पत्ताही लागला नाही.

या मे महिन्यात गरज आली. बाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन दीड महिना झाला होता. उन्हात निघालात तर एसीच्या गाडीतूनच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंचे थोरले भाऊ रावसाहेब तासाभरावरच्या लोणी काळभोरला अंथरुणाला खिळले होते. आई लवकर गेली, म्हणून बाईंना त्यांनीच वाढवलेलं. सकाळी नऊला दोघं गाडीत येऊन बसली तोच रावसाहेबांच्या मुलाचा, सुदर्शनचा, फोन आला.

"आत्या, आबांचं काय खरं न्हाय. सारखं तुमचं नाव घेत्यात. निघा की लवकर."

सरांनी माझं बटण दाबलं. गरम वारा आला.

"अहो, टॅक्सी बोलवा," बाई म्हणाल्या.

"दारात एसीची गाडी असताना? तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय मी. तू वर जाऊन बस, दहा मिनिटांत करतो."

त्यांनी फ्यूज काढून पाहिला. तो शाबूत होता. डाव्या बाजूचा कप्पा उतरवून मागची गाळणी काढली. तिच्यात कडुलिंबाची पानं कोंबल्यासारखी भरली होती. ती झटकून बसवली, तरी वारा गरमच. मग पाण्याची नळी घेऊन पुढची जाळी धुवायला घेतली. वरून बाई विचारत, "झालं का?" आणि खालून उत्तर जाई, "दहा मिनिटं!" जाता जाता शेजारचे आप्पासाहेब म्हणाले, "सर, धुवायलाच काढलीये तर आमचीही धुवून टाका."

सर बॉनेटला कान लावून उभे राहिले. मी सुरू होताना टक असा आवाज येतो. तो आला नाही. गॅसच नाही, हे मला माहीत होतं, पण मला सांगता येत नाही.

पावणेबाराला बाई जिना उतरून खाली आल्या. हातात फोन होता.

"आता सावकाश होऊ द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "दादा गेला."

सरांच्या हातातली नळी वाहतच राहिली. बाई रडल्या नाहीत. मला त्या क्षणी काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सरांनी टॅक्सी बोलावली. ती चार मिनिटांत आली.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने माझे सील बदलले आणि गॅस भरला. "सर, हा वापरलाच नाही हो तुम्ही," तो म्हणाला.

दहाव्याला दोघं याच गाडीतून लोणीला निघाली. या वेळी सरांनी काचा वर करून माझं बटण दाबलं.

"गार लागतंय का गं?" सरांनी विचारलं.

"मला काही कळत नाही," बाई बाहेर बघत म्हणाल्या.

मित्रांनो, गाडीतला एसी आठवड्यातून एकदा तरी थोडा वेळ लावत जा, थंडीतसुद्धा. आणि कुणी तुमची वाट बघत असताना तो चालू झाला नाही, तर त्याच्यापाशी थांबू नका. मिळेल त्या वाहनाने निघा.